चिनी काढा, आपला टाकळा

गेल्या वर्षी वर्षावासात पोलादपूरजवळच्या एका बुद्धवाडीत गेले होते. विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन संपले, आणि आत्याने माझा हात धरून मला घरी नेले. आत्या माझी सख्खी नव्हे. सगळी वाडी तिला आत्या म्हणते, म्हणून मीही म्हणते. वय सत्तरीच्या आसपास, पण अजून भाताची लावणी करते.

“बाय, तुला एक दाखवायचंय. तू नर्स हायस, तुला कळंल,” असे म्हणून तिने फळीवरून एक चकचकीत पुडी काढली. पुडीवर चिनी अक्षरे आणि डोळ्याचे चित्र. मुंबईला कामाला असलेल्या नातवाने मोबाईलवरून मागवलेली, साडेसातशे रुपयांची. डोळ्यांचा चहा! रोज सकाळ-संध्याकाळ उकळून प्यायचा, म्हणजे मोतीबिंदू विरघळतो, चष्मा सुटतो आणि नजर पहिल्यासारखी होते, असे नातवाला सांगितले होते. आत्या दोन महिने तो पीत होती.

मी पुडी ताटलीत ओतली. सुकलेली पिवळट फुले, लाल मनुकांसारखी बारीक फळे आणि तपकिरी, गुळगुळीत, दोन्ही टोकांना तिरक्या कापल्यासारख्या बिया. सून चुलीपाशी होती. ती वाकून बघते तो काय, हसायलाच लागली. “ही तर टाकल्याची बी! आपल्या परड्यात पायाखाली पडतेय.”

मीही हसले, आणि तिथेच माझी चूक झाली. मी म्हटले, “टाकळाच आहे आत्या, पी. काही होत नाही.”

तिच्या उजव्या दंडावर काळानिळा डाग होता. विचारले तर म्हणाली, “दाराची चौकट लागते सारखी.” मी ते ऐकले आणि सोडून दिले. चार महिन्यांनी एका नेत्रतपासणी शिबिरात तिला नेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की हा काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ संपलेली. डावा डोळा वाचवता येईल, पण रोज थेंब घालावे लागतील, आयुष्यभर.

ती नजर त्या चार महिन्यांतच गेली असे नाही, आधीपासून जात होती. पण चौकट नेहमी उजव्याच बाजूला का लागते, एवढे मी त्या दिवशी विचारले असते तर चार महिने वाया गेले नसते. पुडीत विष नव्हते. पुडीने वेळ खाल्ला, आणि तो खायला मी परवानगी दिली. माझ्या भावाबहिणींनो, तुमच्या घरी अशी पुडी आली तर काय बघायचे आणि काय विचारायचे, ते आज लिहिते आहे.

पुडीत काय असते?

चिनी वैद्यकात डोळ्यांसाठी सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या तीन गोष्टी आत्याच्या पुडीत होत्या.

पहिली म्हणजे टाकळ्याची बी. चिनी भाषेत तिला ‘च्युए मिंग त्झ’ म्हणतात. ‘मिंग’ म्हणजे उजेड, स्वच्छ दिसणे आणि ‘त्झ’ म्हणजे बी. म्हणजे नावातच नजर आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी औषधीग्रंथात ही बी नोंदलेली आहे. तिकडे ती भाजून, ठेचून तिचा चहा करतात. आपल्याकडचा टाकळा आणि तिकडचा टाकळा ही अगदी जवळची भावंडे आहेत, आणि दोन्हींची बी तिकडे वापरतात. आयुर्वेदात याच टाकळ्याला चक्रमर्द म्हणतात आणि तो नायट्यावर वापरतात. एकच बी, तिकडे डोळ्याला आणि इकडे कातडीला. यावरूनच कळावे की जुन्या ग्रंथात नाव आहे म्हणून गुण सिद्ध झाला, असे होत नाही.

या बीचा एक गुण मात्र पक्का आहे. तिने जुलाब होतात. सोनामुखीसारखीच द्रव्ये तिच्यात असतात आणि सोनामुखी टाकळ्याच्याच कुळातली. आत्यालाही दिवसातून तीन-चारदा परसाकडे जावे लागत होते. “घाण बाहेर पडतेय,” असे तिला वाटायचे. म्हाताऱ्या माणसाच्या अंगातले पाणी आणि क्षार त्यातून जातात, चक्कर येते. गरोदर बाईने तर ही बी घेऊच नये.

दुसरी गोष्ट शेवंतीची फुले. ही आपल्या हारातल्या शेवंतीचीच जात. चीनमध्ये तिचा चहा घरोघर पितात, आपल्याकडे गवती चहा पितात तसा. तिसरी लाल फळे. त्यांना ‘गोजी’ म्हणतात, आणि चीनच्या निंगशिया भागातली गोजी नावाजलेली आहेत. या फळात झियाझँथिन नावाचे पिवळे रंगद्रव्य भरपूर असते. डोळ्याच्या पडद्यावर, जिथे बारीक अक्षर वाचण्याची ताकद असते, तिथेही हेच रंगद्रव्य असते. म्हणून गोजीचा एवढा बोलबाला. पण हेच रंगद्रव्य पिवळ्या मक्यात आणि अंड्याच्या बलकातही असते, आणि ते खाऊन मोतीबिंदू विरघळत नाही. शिवाय हृदयाची झडप बदललेल्या माणसांना रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन नावाची गोळी देतात. त्या गोळीबरोबर गोजी घेतल्याने रक्त धोकादायक इतके पातळ झाल्याच्या नोंदी आहेत. आपल्या वस्त्यांमध्ये लहानपणीच्या सांधेतापाने झडप खराब झालेली माणसे कमी नाहीत. त्यांनी अशा पुडीला हात लावू नये.

भिक्खूंनी नेलेली विद्या

चिनी म्हटले की काहीतरी गूढ आणि परके वाटते. पण चीनच्या नेत्रवैद्यकाचा एक मोठा धागा आपल्याच भूमीतून गेला आहे, आणि तो नेणाऱ्यांमध्ये बौद्ध भिक्खू होते.

विनयपिटकातल्या महावग्गात औषधांचा एक स्वतंत्र भाग आहे. डोळ्यांच्या विकाराने त्रासलेल्या भिक्खूंना अंजन वापरण्याची परवानगी तिथे दिलेली आहे आणि अंजनाचे प्रकारही सांगितले आहेत. म्हणजे आजारी माणसाने दुखणे सोसत बसावे अशी भगवंतांची शिकवण नव्हती. त्या काळात जे औषध उपलब्ध होते ते घ्यावे, असा साधा व्यवहार होता.

पुढे हीच मंडळी वाळवंटे आणि डोंगर ओलांडून चीनला गेली तेव्हा धम्माबरोबर वैद्यकही गेले. इसवी सन ७५२ मध्ये वांग ताओ याने चिनी वैद्यकाचा एक मोठा ग्रंथ संकलित केला. त्यात मोतीबिंदूवर सुईने उपचार करण्याची भारतीय रीत सांगितली आहे. नागार्जुन बोधिसत्त्वाच्या नावाने नेत्ररोगांवरचा एक ग्रंथ चीनमध्ये वाचला जाई. बाय जुयी हा त्या काळचा नामवंत कवी स्वतः डोळ्यांनी बेजार होता, आणि हा ग्रंथ आपल्यापाशी असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्याचा मित्र लियू युशी यानेही भारतातून आलेल्या एका नेत्रवैद्य भिक्खूला उद्देशून कविता लिहिली.

पण यातही एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सुईची ती जुनी रीत म्हणजे गढूळ झालेले भिंग डोळ्यातल्या डोळ्यात मागे ढकलून देणे. थोडे दिसू लागे, पण पुष्कळांचे डोळे पुढे सडत. आज कोणी ती रीत करायला आला तर त्याला पोलिसांत द्यावे लागेल. भिक्खूंनी हजार वर्षांपूर्वी नेली म्हणून ती आज योग्य ठरत नाही. केसपुत्तच्या कालामांना भगवंतांनी हेच सांगितले होते. परंपरेने आले, ग्रंथात आहे, मोठ्या माणसाने सांगितले, एवढ्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या. चिनी पुडीला आणि आपल्या आजीच्या बटव्याला, दोन्हींना हीच कसोटी लावायची.

चिनी लोकांनी स्वतः काय पारखले?

चिनी वैद्यकात डोळ्यांचा संबंध यकृताशी, म्हणजे कलेजीशी जोडतात. डोळे लाल झाले, तोंड कडू झाले की ‘यकृताची आग’ झाली म्हणायचे. या आगीवर ‘लाँगदान शिएगान’ नावाच्या गोळ्या कित्येक वर्षे सर्रास विकल्या जात. त्यात ‘ग्वान मूतोंग’ नावाची एक वनस्पती होती. ती घेणाऱ्या अनेकांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. शेवटी २००३ मध्ये चीनच्या सरकारने त्या वनस्पतीचा औषधी वापर बंद केला. झाडपाला आहे, अपाय होणार नाही, असे जो म्हणेल त्याला हे उदाहरण सांगा.

दुसरी बाजूही सांगते. याच यकृताच्या कल्पनेतून सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ या वैद्याने रातांधळेपणावर प्राण्यांची कलेजी खायला सांगितली होती. तो उपाय लागू पडायचा, कारण कलेजीत जीवनसत्त्व अ ठासून भरलेले असते आणि रातांधळेपणा त्याच्याच कमतरतेने होतो. कारण चुकीचे होते, पण उपाय बरोबर होता. कारण कळायला विज्ञानाला विसावे शतक उजाडावे लागले.

चीनच्याच तू यूयू या संशोधक बाईंनी जुन्या ग्रंथांतून एक वनस्पती शोधली, तिच्यातले नेमके द्रव्य वेगळे केले, त्याची तपासणी केली आणि हिवतापावरचे आर्टेमिसिनिन जगाला दिले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मेंदूच्या हिवतापावर जे औषध देतात ते याच घराण्यातले. डोळ्यांचेही तसेच आहे. काचबिंदूवर शंभराहून जास्त वर्षे वापरलेले पायलोकार्पिन हे थेंब ब्राझीलमधल्या एका झुडपापासून मिळाले. डोळा तपासताना बाहुली मोठी करायला जे अ‍ॅट्रोपिन वापरत आले, ते धोतऱ्याच्या कुळातले.

वनस्पतीत औषध असते, हे कोणी नाकारत नाही. पण ते किती आहे, कोणत्या आजाराला आहे आणि कोणाला द्यायचे नाही, हे ठरल्याशिवाय तो नुसता पाला असतो. तोच धोतरा रस काढून डोळ्यात पिळला तर काही जणांच्या डोळ्यातला दाब एकदम चढतो आणि नजर जाते.

आजार कोणता, उपाय कोणता?

‘डोळ्यांना दिसत नाही’ ही एक तक्रार झाली. त्यामागे आजार पाच-सहा असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. सगळ्यांना मिळून एकच चहा कसा चालेल?

चाळिशी : सुईत दोरा ओवता येत नाही, तांदूळ निवडताना खडे दिसत नाहीत. हा आजार नव्हे, वय आहे. चष्मा घ्यावा. चष्मा लावल्याने नजर बिघडत नाही.

मोतीबिंदू : डोळ्यातले भिंग गढूळ होते. समोर धुके दिसते, दिव्याभोवती कडे दिसते. चहा, थेंब, मध, पाला यांनी गढूळ भिंग स्वच्छ होत नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. सरकारी रुग्णालयात आणि शिबिरांतून ही शस्त्रक्रिया मोफत होते, आत भिंगही बसवतात. “पिकू दे, मग बघू” ही जुनी समजूत सोडा. फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो.

काचबिंदू : आत्याला झाला तो. बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. दुखत नाही, लाल होत नाही. नजर आधी कडेने जाते. समोरचे दिसत राहते म्हणून माणसाला पत्ता लागत नाही, चौकटी मात्र लागत राहतात. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली राखता येते. घरात एकाला असेल तर त्याच्या भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्यावे. आत्याच्या मुलाला मी स्वतः घेऊन गेले.

मधुमेहाने बिघडलेला पडदा : बाबासाहेबांना मधुमेह होता आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी फार मंदावली होती. ज्या माणसाने जन्मभर पुस्तकांची संगत केली, त्याला हे किती जड गेले असेल! आज साखर ताब्यात ठेवून आणि वर्षातून एकदा पडदा तपासून, वेळेवर लेझर करून, ही नजर पुष्कळदा वाचवता येते. साखर असलेल्या माणसाने ‘दिसतंय ना’ म्हणून थांबू नये.

रातांधळेपणा : दिवेलागणीला मूल ठेचाळते, अंधारात ताट सापडत नाही. जीवनसत्त्व अ कमी पडले आहे. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी बाळाला जीवनसत्त्व अ चे डोस मिळतात, एकूण नऊ. आशाताईला विचारून कार्डावर मोजून बघा.

डोळे येणे : २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर याची मोठी साथ आली होती. बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होते. टॉवेल वेगळा, उशी वेगळी आणि हात साबणाने धुणे, हेच मुख्य औषध. पण डोळा फार दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका असेल, तर ते नुसते डोळे येणे नव्हे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डोळ्यात काहीही घालू नका

चिनी चहा निदान पोटात जातो. मला जास्त भीती वाटते ती डोळ्यात घातल्या जाणाऱ्या वस्तूंची. वॉर्डात असताना काय काय पाहिले! कांद्याचा रस, मध, एरंडेल, आईचे दूध, शेळीचे दूध, रुईचा चीक. रुईचा चीक तर बुबुळाला थेट इजा करतो. बाळाच्या डोळ्यात घातलेल्या काजळात आणि सुरम्यात शिसे असू शकते, आणि ते अंगात भिनते.

आपल्याकडे भातकापणी आणि झोडणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ किंवा तूस जाते. बुबुळाला ओरखडा पडतो, त्यात बुरशी धरते आणि जखम होते. वाडीत म्हणतात ‘फूल पडलं’. अशा वेळी दोन चुका होतात. एक, पाला पिळतात. दुसरी, मेडिकलमधून विचारून थेंब आणतात. त्या थेंबात अनेकदा स्टिरॉइड असते, डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन. लाली लगेच उतरते, माणूस खूश होतो आणि आत बुरशी वाढत राहते. तेच थेंब महिनोन्‌महिने घातले तर काचबिंदू होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेंब घेऊ नका, आणि दुसऱ्याची उरलेली बाटली तर मुळीच वापरू नका.

महाडच्या एमआयडीसीत आपली कितीतरी मुले कंत्राटावर कामाला जातात. रसायन डोळ्यात उडाले तर तिथल्या तिथे डोळा उघडा धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान पंधरा ते वीस मिनिटे धुवायचा. मुकादमाची परवानगी नंतर, गाडी नंतर, आधी पाणी. मग १०८ किंवा जी मिळेल ती गाडी. लिंबू नाही, दूध नाही, तूप नाही. संरक्षक चष्मा मागणे हा तुमचा हक्क आहे, ते उपकार नव्हेत. घरात तंबाखूचा चुना असेल तर तोही असाच. चुन्याची पुडी किंवा ट्यूब खेळताना लहान मुलांच्या हातात फुटते आणि चुना डोळा जाळून टाकतो. चुना उंच फळीवर ठेवा, आणि डोळ्यात गेलाच तर कण पुसून काढत तसाच पाण्याने धुवत राहा.

पाण्याचे मोल महाडला कोणी सांगायला नको. खुपऱ्या या रोगाने एके काळी देशात लाखोंचे डोळे गेले. तो हटवायला औषधांइतकाच उपयोग झाला तो स्वच्छ पाण्याचा आणि मुलांचे तोंड रोज धुण्याचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपऱ्यांचा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून नायनाट झाल्याचे जाहीर केले. ज्या वाडीत उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथे पाण्याची मागणी ही डोळ्यांच्या आरोग्याचीही मागणी आहे.

टाकळा ताटात हवा

मग टाकळा टाकून द्यायचा का? नाही. बी उकळून पिण्यापेक्षा पाला खा. पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत बांधावर, रस्त्याच्या कडेला टाकळा उगवतो. फूल येण्याआधीची कोवळी पाने खुडावीत, निवडून, स्वच्छ धुऊन, उकडून, पाणी पिळून कांदा-लसणावर परतावीत. वरून खोबरे, असतील तर फणसाच्या आठळ्या किंवा मूठभर सुकट. तेल जरूर घाला, कारण पालेभाजीतला जो भाग अंगात जाऊन जीवनसत्त्व अ बनतो, तो तेलाशिवाय नीट जिरत नाही. हायवेच्या कडेचा आणि कारखान्याच्या नाल्याकाठचा पाला मात्र नको.

टाकळ्याचा एक भाऊ धोकादायक आहे. कासविंदा. तोही पावसाळ्यात उगवतो, त्यालाही पिवळी फुले येतात. टाकळ्याला पानांच्या तीनच जोड्या असतात, टोकाला गोलसर. कासविंद्याची पाने जास्त जोड्यांची, टोकदार आणि उग्र वासाची. पश्चिम उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या शेंगा खाऊन लहान मुले दगावली आहेत. पोरांना दोन्ही झाडे हातात देऊन ओळखायला शिकवा.

टाकळ्याचा हंगाम संपला की शेवग्याचा पाला, माठ, अळू, लाल भोपळा, पिकलेली पपई आणि आंबा आहे. अंडी आहेत, लहान मासे आहेत, पंधरा दिवसांतून कधी कलेजी आहे. गरोदर बाईने कलेजी जास्त खाऊ नये. साडेसातशे रुपयांत किती अंडी येतात याचा हिशेब आत्याच्या सुनेने माझ्यासमोर बोटांवर केला, आणि तिने नातवाला फोन लावला.

प्रत्येक विहारात करता येईल असे

महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या वंदनेनंतर दहा मिनिटे काढा. भिंतीवर मोठ्या आकड्यांचे कॅलेंडर लावा. दहा फुटांवर उभे राहून आधी एक डोळा तळहाताने झाकायचा आणि वाचायचे, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचे दुखणे लपवतो, म्हणून एकेक झाकायचा. फरक वाटला तर नाव लिहून घ्या. महाड किंवा पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या वारी असतात ते आधी विचारा, आणि चार-पाच जणांना मिळून न्या. अलिबागला जायचे म्हटले की दिवस मोडतो, मजुरी बुडते. म्हणून एकट्या म्हातारीला पाठवू नका, तरुण पोरांनी पाळी लावा.

सुरुवातीचा काचबिंदू मात्र कॅलेंडरवर कळत नाही. त्यासाठी चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्यावी लागते.

आणि घरी कोणी पुडी, थेंब, काढा घेऊन आला, मग तो चिनी असो, हिमालयातला असो की आपल्याच गावचा, तर त्याला चार प्रश्न विचारा. यात काय आहे? कोणत्या आजारावर आहे? तो आजार मला आहे हे कोणी तपासले? आणि चालू औषधाबरोबर हे चालते का? उत्तर मिळाले नाही तर पैसे परत खिशात.

गेल्या महिन्यात आत्याकडे गेले होते. डाव्या डोळ्याचे थेंब रोज रात्री नऊ वाजता नात घालते. बाटलीवर तिने स्केचपेनने ‘आजी ९’ लिहिले आहे. डॉक्टरांनी तपासून सांगितले की डाव्या डोळ्याचा दाब आता ताब्यात आहे. उजव्या बाजूच्या चौकटीला सुनेने जुन्या गोधडीचा तुकडा बांधला आहे. आत्या मला म्हणाली, “बाय, त्या दिवशी तू मला पी म्हणालीस, मी प्याले. तू बघून घे म्हणाली असतीस तर बघितलं असतं.”

ती रागाने बोलली नाही. पण आपल्या वाडीत लोक सिस्टरचे ऐकतात, आशाताईचे ऐकतात, शिकलेल्या पोरीचे ऐकतात. म्हणून आपण ‘काही होत नाही’ हे वाक्य जपून वापरायला हवे. आधी डोळा झाकून बघायला सांगा. चहाचे नंतर बघू.

जयभीम. नमो बुद्धाय.